फोन गप करणारे काका

हिंगोलीत खोली शोधताना पहिल्या दोन घरमालकांनी मला आधी आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर एका घरी आठवलं की खोली कालच कोणाला तरी देऊन झालीय. दुसऱ्या घरी भाडं असं सांगितलं की मीच उठून चालू लागावं. तिसऱ्या घरी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, बाटलीतलं पाणी संपलं होतं, आणि सेनगावची जीप पकडून सरळ घरी जावं, आईला सांगावं की नको ही नोकरी, इथवर मनाची तयारी झाली होती. त्या घराच्या दारात पायजमा आणि बनियन घातलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. त्यांनी मला आत बोलावलं, पंखा लावला, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "फोन काढा. इथं टीपॉयवर ठेवा."

मला वाटलं, आधार कार्डाचा फोटो बघायचा असेल. मी फोन उघडायला लागले.

"न्हाई, उघडू नका. नुसता ठेवा. चहा होईस्तोर."

आत काकू चहा टाकत होत्या. बाहेर आमच्या दोघांच्या मध्ये माझा फोन उताणा पडला होता. तो कधी वाजायचा, कधी थरथरायचा, आणि काचेवर आपणहून थोडा थोडा सरकायचा. प्रत्येक वेळी काका विचारायचे, काय आहे? मी सांगायचे. कपड्यांचा सेल लागलाय. ऑफिसच्या ग्रुपवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चालल्यात. गावाकडच्या जयंतीच्या ग्रुपवर डीजे लावायचा का नाही यावरून पोरांची जुंपलीय. कोणीतरी मला न मागितलेलं कर्ज द्यायला निघालंय. एकदाच खेळलेल्या एका गेमला माझी आठवण येतेय. डॉक्टर जसे हनुवटीला हात लावून ऐकतात तसं काका ऐकायचे, आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे.

"ह्याच्यासाठी उठावं लागतं का?"

चहा येईपर्यंत मी इतक्या वेळा "नाही" म्हणाले होते की हा फोन माझा नसून दुसऱ्याच कुठल्या रिकामटेकड्या बाईचा आहे असं मला वाटायला लागलं.

खोली मिळाली. अट एकच होती, की हे आवाज वरून खाली यायचे नाहीत. आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही. भाड्याचा करार लिहायची वेळ आली तेव्हा ते लिहिणं भागच होतं, तेव्हा वेलांटी पहिली का दुसरी एवढं मात्र चष्म्यावरून बघत विचारून घेतलं.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेच्या खिडकीमागे बसून माइकवरून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगणारा माणूस. नोकरीतून मोकळे होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाजाने निवृत्ती घेतली नव्हती. त्यांच्याकडे दोन मराठ्या होत्या. एक घरची, आपली सगळ्यांचीच. दुसरी माइकची, इस्त्री केलेली. ती कधी बाहेर पडेल सांगता यायचं नाही. सकाळी मी दात घासत असायचे आणि जिन्याखालून घोषणा यायची, "वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी लक्ष द्यावे. नळाला पाणी आले असून ते थोड्याच वेळात सुटण्याच्या मार्गावर आहे." मी बादली घेऊन धावायचे. ते कधी उगीच बोलत नसत, हे एका आठवड्यातच कळलं होतं.

याचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. ऐन तारुण्यात त्यांची नेमणूक कुठल्याशा तालुक्याच्या स्टँडवर झाली होती. तिथे नवा माइक आला. काकांचा आवाज चांगला, हे त्यांना तेव्हा नुकतंच कळलं होतं. मग काय, ते दिवसभर बोलत राहिले. खिसेकापूंपासून सावध राहा. केळीची सालं टाकू नका. लेकरांना सांभाळा. गाडी आली तरी बोलायचे, नसली तरी बोलायचे. दुपारी एक म्हातारी बाई खिडकीशी आली आणि तिने आपल्या गावाची गाडी कधी आहे म्हणून विचारलं. ती तर केव्हाच गेली होती. त्यांनी स्वतः ती तीन वेळा पुकारली होती, आणि ही बाई समोरच्याच बाकावर बसून होती. काका चिडले, ऐकू आलं नाही का म्हणाले. बाई म्हणाली, ऐकू येत होतं, पण सारखंच कोणीतरी बोलत होतं म्हणून तिने ऐकणं सोडून दिलं.

"ती भांडली असती तर मी विसरलो असतो," काका मला म्हणाले. "ती भांडली न्हाई. पिशवी उचलून पुन्हा बाकावर जाऊन बसली."

त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की ज्याच्यासाठी माणसाला उठावं लागतं तेवढंच पुकारायचं. बाकी सालं केळीची असोत नाहीतर आणखी कशाची.

मग निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. सगळी नोकरी आवाज झाला की उठायचं या शिस्तीत गेलेली. पहिल्या दिवशी फोन जेवढ्या वेळा वाजला तेवढ्या वेळा काका खुर्चीवरून उठले. संध्याकाळी काकूंनी त्यांच्या गुडघ्याला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून ते फोनसमोर बसले आणि एकेक घंटी शोधून तिचा गळा आवळत गेले. फोनमध्ये इतक्या आत कुठे काय दडवलेलं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते नुसते कुठलंही दार दिसलं की उघडून बघायचे. एकदा तर भाषाच बदलून बसली आणि दोन दिवस फोन कुठल्यातरी अगम्य लिपीत बोलत राहिला. पण वाजला नाही, याचं त्यांना समाधान होतं.

ही गोष्ट गल्लीत पसरली. मी राहायला गेले तोवर संध्याकाळी ओसरीवर लोक यायला लागले होते. काका, एवढा फोन गप करून द्या. हळदीचे एक व्यापारी यायचे. ते बाजारभावांच्या इतक्या ग्रुपांत होते की तराजू धरायला हात रिकामा राहत नसे. काकांनी त्यांचे सगळे ग्रुप मुके केले आणि बाजार समितीत बसणारा त्यांचा मुनीम तेवढा बोलता ठेवला. व्यापारी म्हणाले, आता भाव कळणार कसा? काका म्हणाले, आधी तरी कुठं कळत होता, नुसता वाजत होता. फी म्हणून ते काही घेत नसत. पण आलेल्याने त्यांच्यासमोर बसून एकेका आवाजाला उत्तर द्यायचं, यातून सुटका नव्हती. "तुमीच सांगा, उठवणारं हाय का बसवणारं?" फोन हातात घेऊन ते वकिलासारखे विचारायचे, आणि माणसं गोंधळायची. आपल्या फोनमध्ये उठवणारं असं जवळपास काहीच नाही, हे कबूल करायला लोकांना जड जायचं.

माझ्या साहेबांचंही तसंच झालं. मी एका सरकारी कचेरीत कनिष्ठ सहायक होते. आमचे साहेब मनाने वाईट नव्हते, पण रात्रीचं जेवण झालं की त्यांना कामं आठवायची. ग्रुपवर मेसेज पडायचा, अमुक माहिती तात्काळ सादर करावी. पाठोपाठ सगळ्यांचे अंगठे आणि "होय सर". मी ताट सोडून "होय सर" टाइप करायचे. काकांना हे कळल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, माहिती कुठं असते? म्हटलं, कपाटात. कपाट कुठं? कचेरीत. कचेरी? बंद. मग त्यांनी माझ्या फोनमध्ये अशी सोय केली की संध्याकाळनंतर मेसेज वाजणार नाही. आईने, काकूंनी किंवा साहेबांनी फोन केला तर मात्र वाजेल.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून विचारलं, तुमचं रात्री उत्तर का येत नाही? मी खरं ते सांगितलं. मेसेज वाजत नाही, फोन केला तर वाजतो, ही घरमालकांनी केलेली व्यवस्था आहे. साहेबांना हे पचायला वेळ लागला. घरमालक कोण, हे बघायला म्हणून ते एका संध्याकाळी स्वतःच आले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

काकांनी त्यांना बसवलं आणि नेहमीप्रमाणे फोन टीपॉयवर ठेवायला सांगितलं. साहेबांचा फोन माझ्यापेक्षा मोठा आणि त्यांच्या वरचे साहेब तर आणखी मोठे. फोन असा वाजायला लागला की कपातल्या चहावर रेघा उमटल्या. काकांनी विचारलं, ह्याच्यासाठी उठावं लागतं का? साहेब ठासून म्हणाले, लागतं. काका म्हणाले, "मग उठा."

साहेबांना आधी कळलं नाही. काका गंभीर चेहऱ्याने वाट बघत राहिले, तसे साहेब उठून उभे राहिले. बसले. फोन वाजला. हे? हेही महत्त्वाचं. "उठा." असं चार-पाचदा झालं. शेवटचा मेसेज कुठल्याशा बैठकीतल्या सत्काराच्या फोटोंचा होता आणि साहेब त्याच्यासाठीही अर्धे उठले होते. तसेच अर्धवट उठलेल्या अवस्थेत ते हसायला लागले. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसत ते म्हणाले, "घ्या काका, करा काय करायचं ते." त्यानंतर आमच्या ग्रुपवर रात्रीचे मेसेज थांबले. साहेबांनी बागकाम सुरू केलं असं शिपाई सांगत होता, ते किती खरं मला माहीत नाही.

काकांच्या राज्यात फक्त एका फोनला सूट होती. काकूंच्या.

काकू वसमतच्या. ठेंगण्या, हसऱ्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यांचा फोन फ्रिजवर असायचा, आवाज पूर्ण चढवलेला. त्यांच्या बहिणी, वहिन्या, भाच्या यांचा एक ग्रुप होता आणि तो उजाडल्यापासून जागा असायचा. सूर्य, फुलं, सुविचार, मग कोणाकडे काय भाजी, कोणाचं काय दुखतंय, कोणाच्या सुनेने काय केलं. टिंग झालं की काकू पिठाचे हात पदराला पुसत फ्रिजकडे जायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. आमच्या धाकटीनं लोणचं टाकलं म्हणे. काका पेपरमागून "हं" म्हणायचे. भाचीला एक स्थळ आलंय म्हणे. "हं." मी एकदा काकांना विचारलं, सगळ्या गल्लीचे फोन गप केलेत, मग हा कसा सुटला? ते म्हणाले, "तिचा डेपो येगळा हाय."

पण पुढे काकूंचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दुपारची झोप घ्या म्हणून बजावलं. काकू आडव्या व्हायच्या, डोळा लागायचा, आणि फ्रिजवरून टिंग. त्या उठायच्या. पुन्हा आडव्या, पुन्हा टिंग. काकांनी हे काही दिवस पाहिलं आणि एका दुपारी त्या झोपलेल्या असताना फोन उचलून त्याच्यावर आपला इलाज केला. कोणाला बोलले नाहीत. मला तर मुळीच नाही.

आम्हाला दिसलं ते एवढंच की काकू हळूहळू गप होत गेल्या. स्वयंपाकघरातून वाचन ऐकू येईना. फोनवर त्यांनी क्रोशाचा रुमाल टाकून ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, काही न्हाई गं, आता म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतं. त्यांना वाटत होतं की बहिणींनी आपल्याला मेसेज टाकणं बंद केलं. काहीतरी मनाला लागलं असेल त्यांच्या. मग मी काहून आधी टाकू, मी मोठी. त्या अढीपायी त्यांनी फोन उघडूनही बघितला नाही. इकडे काका मला जिन्यात गाठून खुशीत सांगत होते, बीपी उतरलं बघ, दुपारी मस्त झोप लागून राहिली तिला.

मग एका सकाळी काकांचे साडू आले. काकूंच्या वसमतच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कामासाठी हिंगोलीला आले होते आणि हातात पेढ्यांचा बॉक्स होता. कमी बोलणारा, ताठ माणूस. त्यांनी बॉक्स टीपॉयवर ठेवला आणि सांगितलं की पोरीचं जमलं. पाहुणे बघायला आले होते, पसंती झाली, तर त्याच बैठकीत सुपारी फोडून घेतली. काकूंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. साडू पुढे म्हणाले, "तुमी मोठ्या म्हणून पाहुण्यांना थांबवून धरलं. तुमी काहून उत्तर बी दिलं न्हाई?"

काकूंनी फ्रिजवरचा फोन आणून माझ्या हातात दिला. बघ बरं लेकरा. मी उघडला. धाकटीचे मेसेज एकाखाली एक होते. ताई, लवकर निघ. ताई, पाहुणे चहा पिऊन राहिलेत. ताई, रागावलीस का? मध्ये व्हिडिओ कॉल येऊन गेले होते. धाकटी नेहमी तसाच कॉल करायची, तोंड दिसावं म्हणून. त्या अ‍ॅपचा सगळाच आवाज बंद केला की त्यावरचा कॉलही वाजत नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं. मला दिसत होतं की आवाज बंद आहे. कोणी केला हे विचारायची गरज नव्हती, पण मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "मी केलं ते. तिच्या झोपेसाठी केलं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. आत जाऊन लुगडं बदललं, पिशवी भरली आणि साडूंच्या मागे चालू लागल्या. जाताना फोन तेवढा माझ्या हातून घेतला.

पुढचे दिवस त्या घरात राहणं अवघड होतं. काका खिचडी करायचे आणि ती करपवायचे. मी वरून भाकरी-भाजी नेऊन द्यायचे. ते काकूंना फोन लावायचे, काकू उचलायच्या नाहीत. मग एका संध्याकाळी मी खाली आले तर ओसरीवर टिंग, टुंग, ढप असे नाना आवाज चालले होते. मला वाटलं कोणीतरी पेशंट आलाय. पण काका एकटेच होते आणि आवाज त्यांच्याच फोनचे होते. जेवढ्या घंट्या त्यांनी इतक्या वर्षांत मुक्या केल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी पुन्हा चालू केल्या होत्या. टिंग झालं की ते उठायचे, चष्मा शोधायचे, वाचायचे. बुटांवर सवलत. बसायचे. पुन्हा टिंग. गॅसची सूचना. पुन्हा उठायचे. मी म्हटलं, काका, काकूंचा तेवढा आवाज ठेवा की, बाकीचे कशाला? ते म्हणाले, "ती कुठून बोलंल, काय सांगावं पोरी."

ओसरीवर आलेल्या लोकांना त्या दिवसांत त्यांनी परत पाठवलं. हळदीचे व्यापारी नवा फोन घेऊन आले होते, त्यांना दारातूनच सांगितलं, बंद हाय सध्या.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात आले. काकू बीपीच्या गोळ्या विसरून गेल्या होत्या, त्या नेऊन द्यायच्या होत्या. मी बरोबर यावं असं त्यांचं म्हणणं होतं. चार माणसांत ती मला हाकलायची न्हाई, म्हणाले, पण तू असलीस तर घरातबी हाकलायची न्हाई. गोळ्या वसमतलाही मिळतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही एसटीने निघालो. रस्ताभर त्यांनी गोळ्यांचं पाकीट वरच्या खिशात ठेवून त्यावर हात ठेवला होता, कोणी काढून घेईल तसा.

धाकटीच्या घरी बस्त्याच्या साड्या पसरल्या होत्या. धाकटीने "या दाजी" म्हणून पाणी दिलं आणि साड्या गोळा करत आत निघून गेली. साडू बाहेरच्या खाटेवर बसून राहिले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा फोन मांडीवर होता.

"गोळ्या आणल्या," काका म्हणाले.

"ठेवा तिथं."

काकांनी पाकीट ठेवलं. मला वाटलं, आता ते माइकवाली मराठी काढतील आणि काहीतरी बोलून सगळ्यांना हसवतील. मी तशी आशा करत होते. पण ते घरच्याच मराठीत म्हणाले, "चुकलं माझं. मला वाटलं, तुला कटकट व्हती."

"कटकट तुमाला व्हती," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "इतकी वर्षं झाली मला हिंगोलीला येऊन. आई गेली, बाप गेला, भावानं घर इकलं. आता माझं माहेर कुठं हाय, सांगा बरं? ते त्या टिंगटिंगीत हाय. तेवढंच राह्यलंय. ते तुमी बंद केलं, आन् मला इचारलं बी न्हाई."

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काका जमिनीवर राहून गेलेल्या एका साडीकडे बघत राहिले. आतून धाकटीचा भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता, म्हणजे तीही ऐकत होती. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

मग काका म्हणाले, "त्या ग्रुपात कोण कोण हाय?"

"काहून?"

"मला ठाऊक न्हाई म्हणून इचारून राहिलो."

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. थट्टा आहे का काय हे त्या तपासत असाव्यात. थट्टा नव्हती. सगळा संसार झाला होता, आणि या माणसाला बायकोच्या धाकट्या बहिणीच्या जावेचं नाव माहीत नव्हतं, मधल्या वहिनीला किती लेकरं हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं पेपरमागे बसून त्याने फक्त आवाज ऐकला होता.

"चहा घ्या आधी," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी त्या आमच्याबरोबर आल्या नाहीत. बस्ता आटपून येईन म्हणाल्या आणि तशा आल्या. फोन पुन्हा फ्रिजवर गेला, आवाज पूर्ण चढवून. दुपारी झोपताना मात्र त्या स्वतःच तो गप करायच्या आणि उठल्यावर स्वतःच बोलता करायच्या. काकांनी बोटानेसुद्धा शिवलं नाही. ओसरीवरचं काम त्यांनी पुन्हा सुरू केलं, पण आता आलेल्याला ते पहिल्यांदा विचारायचे, फोन कोणाचा? एकजण बायकोचा फोन घेऊन आला होता, ती दिवसभर त्यातच असते म्हणून. काकांनी फोन त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "जिचा हाय तिला घेऊन ये. तिला वाटलं तर."

आणि संध्याकाळी टिंग झालं की पेपर खाली यायचा. काकू वाचायच्या, काका विचारायचे. ही कोण? तिचा नवरा काय करतो? मग, शाळेत घातलं का त्याला? काकूंना सुरुवातीला हे इतकं नवं होतं की त्या उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडे बघायच्या. मग त्यांना सवय झाली. एकदा तर मी जिन्यावरून ऐकलं, काकू भाजी फोडणीला टाकत होत्या आणि काका म्हणत होते, अगं ती नांदेडची वहिनी काही बोलली का न्हाई? दोन दिवस झाले, तिचं काहीच न्हाई. काकूंनी गॅस बारीक केला आणि ती दुपारी काय म्हणाली ते पहिल्यापासून सांगितलं.

भाचीचं लग्न वसमतला झालं. मलाही बोलावणं होतं. मंडपात गर्दी होती, उकडत होतं, अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत उठत होती. काकू मला हाताला धरून काकांना शोधायला निघाल्या, जेवायला चला म्हणायला. ते पुरुषांच्या बाजूला नव्हते. साडूंजवळ नव्हते. शेवटी सापडले ते मंडपाच्या मागच्या टोकाला, कूलरसमोर. चहूबाजूंनी काकूंच्या बहिणी, वहिन्या आणि भाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसल्या होत्या आणि मध्ये काका होते. ते एका वहिनीला विचारत होते, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुई ओवता येते का? दुसरीला सांगत होते, तुमच्या पोराच्या दुकानाला जागा रस्त्याच्या बाजूची घ्या, आतली नको. एका म्हातारीने विचारलं, हे कोण बोलून राहिलेत? धाकटी म्हणाली, आमचे हिंगोलीचे दाजी. म्हातारीला ते पटलं नाही. ती म्हणाली, ते तर बोलत नसतात.

काकू खांबाला धरून बघत उभ्या राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता ह्यांना गप कोणी करायचं गं?"

असं म्हणाल्या खऱ्या. पण दुसरी पंगत बसली, तिसरीच्या पत्रावळी पडल्या, तरी त्यांनी काकांना हाक मारली नाही.